पौषातला मांडव

घरात मी नवऱ्याला नावाने हाक मारत नाही. "अवो" म्हणते, नाहीतर "प्राप्तीचे पप्पा". इथे मात्र नावाने आणि एकेरीत लिहिणार आहे. वर्षभर ह्या माणसाने त्या कॉम्प्युटरपायी मला जो ताप दिला, त्याची एवढी तरी वसुली झालीच पाहिजे.

तर जीवन म्हात्रे. मांडव्याच्या जेट्टीपासून अलिबागपर्यंत मिनीडोअर, म्हणजे सहा माणसांची मोठी रिक्षा, चालवतो. मुंबईची बोट लागली की त्याची घाई बघावी. पण हे आत्ताचं. त्याआधी बरीच वर्षं तो बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवायचा. आमच्या आगरी गावांत हळद म्हटली की बेंजो पार्टी हवीच, आणि पार्टीत जीवन असला की बायका नाचून नाचून चपला हरवायच्या. मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते माझ्या मामेबहिणीच्या हळदीत. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, मान एका बाजूला टाकलेली, आणि बोटं आपली चालतायत. त्या बोटांनी कधी ताल सोडला नाही, हे मी भांडणातसुद्धा कबूल करते. पुढे डीजे आले, भिंतीएवढे स्पीकर आले आणि पार्टी मोडली. कुणी ट्रेलरवर ड्रायव्हर झाला, कुणी कंपनीत लागला. कॅसिओ चादरीत गुंडाळून कपाटावर गेला तो गेलाच.

गाणं त्याच्या घरातच आहे म्हणा. माझ्या सासूबाई, जनीबाई, धवलारीण. आमच्यात लग्न लावायला भटजी येतो, पण मांडवातलं एकही काम धवलारणीच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाही. मांडवाचा खांब रोवायचा, धवला. हळद दळायची, धवला. नवरीला मांडवात आणून पाटावर बसवायची, धवला. ती एक ओळ म्हणते आणि थांबते. भोवतीच्या बायका तीच ओळ तिच्यामागून म्हणतात. मग ती पुढची उचलते. आसपासच्या गावांतल्या निम्म्या पोरी सासूबाईंच्या आवाजावर सासरी गेल्या आहेत. मीसुद्धा त्यांच्याच आवाजावर ह्या घरात आले.

गेल्या आषाढात आमच्या प्राप्तीचं जमलं. मुलगा प्रणय, पेणकडचा, माणसं चांगली. लग्न वैशाखात धरलं. बोलणी झाली, पाहुणे गेले, आणि सासूबाई म्हणाल्या, "माझे नातीला मीच मांडवान घेईन." एवढं म्हणाल्या आणि जो खोकला सुरू झाला तो पाणी दिलं तरी थांबेना. त्यांना दमा आहे. अलिबागच्या डॉक्टरांनी आदल्या वर्षीच सांगितलं होतं, छातीवर ताण नको, गाणं तर नकोच. त्यानंतर त्या कुणाच्या मांडवात गेल्या नव्हत्या. खोकला थांबल्यावर त्या भिंतीकडे बघत बसल्या.

तेव्हा जीवन बोलून गेला, "आये, तुझाच आवाज असंल. मी तुझा गाना कॉम्प्युटरवर बनवतू. पोरीला तूच घेशील मांडवान."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना वाटलं, पोराला येतंच असेल. मलाही तसंच वाटलं. कॉम्प्युटर कुठल्या बाजूने उघडतात हे त्याला माहीत नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षातच आलं नाही.

पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे धंदा थंड आणि माणूस घरात. एका बंगल्यावर सुजित म्हणून केअरटेकर आहे, त्याच्या शेठने टाकून दिलेला लॅपटॉप जीवनने आणला. त्यावर गाणी बनवायचं सॉफ्टवेअर कुणाकडून तरी भरून घेतलं. मी अंगणवाडीत सेविका आहे. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून घरी यावं, तर ओट्यावर लॅपटॉप, त्यात कुणीतरी हिंदीतून शिकवतोय, "भाईलोग, ये तो बहुत सिंपल है," आणि समोर आमचा भाईलोग डोकं धरून बसलेला.

सिंपल काहीच नव्हतं. त्या पडद्यावर एवढी बटणं की बोटीच्या केबिनमध्येही नसतील. एक दाबलं की आवाज गायब. दुसरं दाबलं की सगळं गाणं चिरक्या आवाजात पळायला लागायचं. कॅसिओ कपाटावरून खाली आला, धूळ पुसली, वायरीने लॅपटॉपला जोडला, आणि खरं दुखणं तिथेच सुरू झालं. जीवन पट्टी दाबायचा आणि आवाज जरासा मागाहून यायचा. अगदी जरासा. मला तर कळायचंही नाही. पण जन्मभर तालावर बोट ठेवलेल्या माणसाला तो जरासा सहन होईना.

"मी आथा दाबला, यो आथा वाजला. बग. आयकू येतंय का?"

"नाय येत."

"तुला कसा येल! तुला कई ताल कललाय?"

त्या दिवशी त्याला जेवायला मी वाढलं नाही. त्याचा त्याने घेतला भात.

आवाज मागून का येतो ह्याचं उत्तर मिळायला गणपती येऊन गेले. कुठेतरी आत एक आकडा कमी करायचा होता. तो कमी केल्यावर लॅपटॉप तडतड आवाज करायला लागला. वाढवला की परत मागून. शेवटी त्याने कॅसिओ पुन्हा चादरीत गुंडाळला आणि माऊसने एक एक सूर पडद्यावर ठेवायला लागला, मी पोरांना फळ्यावर ठिपके काढून देते तसे. ज्या चालीला त्याच्या हातांना चहा गार होईपर्यंतही वेळ लागला नसता, तिच्यात आठवडा गेला. मी विचारलं, "झाला का?" तर म्हणाला, "इचारू नको."

गाणं इअरफोनमध्ये बरं वाजायचं. मग हा पेन ड्राइव्ह घेऊन मिनीडोअरमध्ये लावायचा, आणि तिथे नुसतं ठप ठप ठप. ढोलकी कुठे गेली, सनई कुठे गेली, पत्ता नाही. मांडव्याहून बसलेली मुंबईची एक बाई म्हणाली, "भैया, आपका स्पीकर फट गया है।" हा घरी येऊन माझ्यावर ओरडला. मी म्हटलं, स्पीकर मी फाडला का? मग दोन दिवस अबोला.

आणि एवढं सगळं चाललं होतं ते नुसत्या वाजवण्यासाठी. ज्यासाठी घाट घातला तो सासूबाईंचा आवाज अजून घ्यायचाच होता. त्यांचा दमा थंडीत वाढत चालला होता. आणि त्या गायला तयार नव्हत्या.

गायचं नव्हतं असं नाही. "मांडव कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

"आये, फक्त रेकॉर्डिंग कराचा हाय. मांडव वैशाखान."

"धवल्यान देवांना बोलवतान. देवांना बोलवाचा नि बसाला जागा नाय? मांडवाशिवाय मी कवा म्हनलाय का?"

जीवनने समजावलं, चिडला, हात जोडले. सासूबाई हलल्या नाहीत. गाडीवर हॉर्न वाजवून माणसं बाजूला करणारा हा गडी, आईपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. शेवटी एके सकाळी मी उठून बघते तर अंगणात चार बांबू रोवलेले, वर आंब्याचे टहाळे, एका खांबाला उंबराची फांदी. खाली सतरंजी, सतरंजीवर खुर्ची, खुर्चीसमोर माइक.

"अवो, पूस चाललाय," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय? पौषात कुणी मांडव घालतं का?"

"ह्यो मांडव नाय. ह्यो स्टुडिओ हाय," जीवन म्हणाला.

आता आमचं घर रस्त्याला लागून. आमच्या गावात मांडव दिसला की कुणी आमंत्रणाची वाट बघत नाही. बायका कोयता-विळी घेऊन येतात, पुरुष खुर्च्या मोजायला लागतात. पण पौषातला मांडव! पौषात लग्न कोण करतं? ज्याला घाई आहे तो. आणि घाई का असते, हे सांगायला आमच्या आळीत शाळा शिकावी लागत नाही. ऊन चढेपर्यंत काशीकाकू दारात उभी.

"नूतन, पोरीचा उरकताव नि भावकीला कलवाला नको? काय असंल नसंल ता आमी झाकून घेतला असता ना."

मी काय सांगणार? की हा स्टुडिओ आहे? मी सांगितलं, तर तिने माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मला घाम फुटला. मागोमाग दोन मावश्या आल्या, रागाने आत न येता फाटकातच उभ्या राहिल्या. प्राप्ती अलिबागला ऑफिसात, तिचा फोन, "मम्मी, घरी काय चाललंय? मला इथे सगळे विचारतायत!" आणि त्यावर कडी म्हणजे पेणहून व्याह्यांचा फोन. बिचारा सभ्य माणूस. नुसतं म्हणाला, "विहीनबाय, आमी ह्या काय आयकताव?"

जीवन गळ्यात हेडफोन अडकवून दारोदार फिरला. प्रत्येक ओट्यावर तेच, आईचा आवाज घ्यायचाय, लग्न वैशाखातच. व्याह्यांशी बोलताना तर त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. संध्याकाळी प्राप्ती आली ती बापाशी बोललीच नाही. त्याने टहाळे उतरवायला हात वर केला.

तेवढ्यात सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या आणि मांडवाखालच्या खुर्चीवर बसल्या. "गाव जमला होता, आथा देव पन येतील," म्हणाल्या. "घे तुझा मशीन."

आणि त्या गायल्या. नवरीला मांडवात घेतानाचा धवला.

"चला देवांनू बसाला, मांडव घातला अंगनी…"

आवाज बारीक झाला होता, पण फुटला नव्हता. ओळ संपली, त्या थांबल्या. मी सवयीने तोंड उघडलं, तसे जीवनने दोन्ही हात हलवले, गप्प बस. फक्त आईचा आवाज हवा होता त्याला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, प्राप्तीकडे बघितलं. कुणी काही म्हणेना. थोडं थांबून त्यांनी पुढची ओळ घेतली. पुन्हा थांबल्या. असा सगळा धवला झाला. मधे एक कोंबडा आरवला, दोनदा खोकला आला, आणि शेवटची ओळ म्हणून झाल्यावर त्यांना आम्ही उचलूनच आत नेलं. त्या रात्री डॉक्टर घरी आणावा लागला. ह्यांनी पुन्हा गायचं नाही, हे त्याने सासूबाईंना नाही, जीवनला सांगितलं.

पण आवाज मिळाला होता. जीवन अंगात आल्यासारखा कामाला लागला. जेट्टीवर गाडी नंबरात असली तरी लॅपटॉप मांडीवर. पडद्यावर आवाज दिसतो. जिथे सासूबाई गातात तिथे डोंगर, जिथे गप्प तिथे सरळ रेघ. व्हिडिओतल्या भाईने सांगितलं होतं, रिकामी जागा कापा, गाणं टाइट करा. जीवनने रेघा कापल्या. कोंबडा कापला, खोकला कापला. डोंगराला डोंगर जोडले, खाली ढोलकी बसवली, ठेका एकदम पक्का. लॅपटॉप सारखा "जागा नाही, जागा नाही" म्हणत होता, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. शिमग्याच्या सुमारास गाणं तयार झालं. मी ऐकलं. खोटं कशाला सांगू, मला आवडलं. पाय हलला माझा.

आईला ऐकवायचं म्हणून त्याने चांगला शर्ट घातला. सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या. पहिली ओळ वाजली. ती संपली तशी, जन्मभर बायकांना मागून म्हणताना ऐकत आलेल्या सासूबाईंनी आपसूक ती ओळ मागून म्हणायला घेतली. "चला देवां…" पण तोवर दुसरी ओळ वाजायला लागली होती. त्या थबकल्या. दुसरीच्या मागून जावं म्हणतात तर तिसरी आली. चौथी आली. त्यांचा श्वास लागला. पलंगाची कड धरून त्या म्हणाल्या, "कोन लागलाय माझे पाठी? मना दम तं घेव दे! नि बायका कवा म्हनतील?"

जीवनने गाणं बंद केलं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. ज्या घरात जन्मला, ज्या मांडवांत वाढला, तिथे धवला दोन तोंडांनी म्हटला जातो हे त्याला मी सांगायला हवं होतं का? पण त्याने काय, मीसुद्धा ऐकून मान डोलावली होती. पडद्यावर सरळ रेघ दिसली की तिथे काही नाही, असं आम्हा दोघांनाही वाटलं. तिथे बायका होत्या.

त्यानंतरचे दिवस मला आठवायचेही नाहीत. मूळ रेकॉर्डिंग पुसलेलं. सासूबाई पुन्हा गाणार नव्हत्या. जोडलेले डोंगर तो परत तोडायला लागला आणि मधे जागा सोडायला लागला. पण किती सोडायची? तो मला समोर बसवायचा, "म्हन." मी म्हणायची. तो जागा मोजायचा. दुसऱ्या दिवशी तीच ओळ मी जरा हळू म्हटली की परत गाडी पुढे निघून जायची. "काल म्हनलीस तशी म्हन ना!" मला काय बटण आहे? एकदा तर स्वतःच बायकी आवाज काढून सगळ्या ओळी मागून म्हणत बसला होता. मी हसले. त्याने हेडफोन भिंतीवर फेकला, लॅपटॉप उचलला आणि म्हणाला, "खारीन टाकतू ह्याला." खाडीपर्यंत गेलाही होता. परत आला तेव्हा लॅपटॉप शर्टाच्या आत होता, कारण वारा होता आणि रेती उडत होती.

"शिकलू काय मी?" त्याने विचारलं. "वरीस गेला. मना एक गाना नाय आला." मला वाईट वाटलं, पण रागही तेवढाच आला होता, म्हणून मी उठून भांडी घासायला गेले.

वैशाख आला. खरा मांडव पडला. ह्या वेळी काशीकाकू सगळ्यांच्या आधी आली, विळी घेऊन. संध्याकाळी डीजेवाला कमलेश आपले स्पीकर मांडून बसला आणि त्याच्या टेबलाच्या कडेला जीवनने लॅपटॉप ठेवला. सासूबाईंना मांडवात पाटाच्या बाजूला खुर्ची दिली. प्राप्ती आत हिरवं पातळ नेसून तयार होती. घरात, अंगणात, रस्त्यावर बायकाच बायका. कमलेशने आपलं बंद केलं, आणि जीवनने आपलं चालू केलं.

"चला देवांनू बसाला…"

मांडव एकदम शांत झाला. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, तोंड बंद, आणि त्यांचा आवाज वरून येतोय. मग बायकांनी ओळ उचलली. माझ्या एकटीच्या आवाजावर मोजलेली जागा ती! एवढ्या बायका म्हणणार, त्यात म्हाताऱ्या, त्यात लांबच्या गावांतल्या, त्यांची चाल आणखी संथ. निम्मी ओळ झाली नाही तोच मशीन दुसरी ओळ म्हणायला लागलं. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. बायका गप्प झाल्या. प्राप्तीचा पाय उंबऱ्यातच थांबला. सासूबाईंनी जीवनकडे बघितलं.

जीवनने लॅपटॉपचं खालचं लांब बटण दाबलं. गाणं थांबलं. त्याने हात वर करून बायकांना खूण केली, म्हना. त्यांनी ओळ पहिल्यापासून पुरी केली. शेवटचा आवाज विरला तसं त्याने जरा मागे जाऊन बटण परत दाबलं. दुसरी ओळ आली. ती संपताच पुन्हा बटण. ढोलकी तर सुरुवातीलाच त्याने गप्प केली. कमलेश म्हणाला, "काका, मी दाबू का?" जीवनने ऐकलंच नाही. मान एका बाजूला टाकून, पडद्यावरच्या डोंगराकडे डोळे लावून, तो बायकांचं ऐकत होता, आणि बोट बटणावर. एकदाही चुकलं नाही ते.

प्राप्ती उंबरा ओलांडून निघाली. टेबलामागून वाट होती, तिथून जाताना तिने करवलीच्या ताटातली हळद घेऊन त्याच्या गालाला लावली. त्याने डास झटकावा तशी मान झटकली, "थांब गो, मधी नको," आणि बटण दाबलं. ती हसली आणि पुढे गेली. पाटावर बसली. सासूबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं. त्या अगदी हळू, श्वास पुरेल तेवढंच, बायकांच्या बरोबर आपली ओळ आपल्याच मागून म्हणत होत्या. एवढी लग्नं त्यांनी लावली, पण मांडवात मागून म्हणायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

धवला संपला. कमलेशने लगेच त्याचा धिंगाणा चालू केला, पोरं नाचायला लागली. जीवन वायरी गुंडाळत बसला होता. मी पाणी घेऊन गेले.

"गाना नाय झाला," तो म्हणाला. "वरीसभर शिकून एक बटन दाबला." मग मांडवाकडे बघून म्हणाला, "बसली का पोरगी पाटावर? कवा आली?"

"तुमच्या पाठीमागून तर गेली."

"मी बगलाच नाय." त्याने तोंडावर हात फिरवला, बोटं पिवळी झाली. "ह्या कोनी लावला? तू?"

"मी नाय. प्राप्तीने लावलं, जाताना. तुम्ही तिला मधी नको म्हणालात."

तो बोटांकडे बघत राहिला. स्पीकर एवढे दणाणत होते की पुढे बोलणं शक्यच नव्हतं. थोड्या वेळाने त्याने मला हाताने जवळ ओढलं आणि कानाशी ओरडून विचारलं, "कशी दिसत होती?"

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ती उंबऱ्यात उभी होती तिथपासून सांगायला लागले. पंगतीत बसला तेव्हाही त्याने तोंड धुतलं नव्हतं, आणि मीही धुवा म्हटलं नाही.